हाताची घडी, तोंडावर बोट

“मुलगी हुशार आहे हो तुमची, पण आधी तिला एकदा दाखवून घ्या,” वर्गशिक्षिका म्हणाल्या, आणि पालकसभेत माझ्या मागे बसलेल्या दोघी आया एकदम मोबाइल बघायला लागल्या. दाखवून घ्यायचे ते दात, गाडीचं इंजिन, नाहीतर पत्रिका. माझी चौथीतली लेक यातलं काहीच नव्हती. ती शेजारच्या बुटक्या बाकावर बसून पाय हलवत होती आणि खिडकीबाहेर पत्र्यावर चालणाऱ्या कबुतराला काहीतरी समजावून सांगत होती. मला शिक्षिकेचा राग आला. कबुतराचाही आला.

तक्रार नवी नव्हती. मध्येच उठते, मध्येच बोलते, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देते, गणित अर्धं सोडून दुसरंच चित्र काढत बसते. घरी आम्हाला हे पाठ होतं. स्वयंपाकघरातून पेला आण म्हटलं तर ती झाकण आणि एक गोष्ट घेऊन परत यायची. सासूबाई मूळच्या पुण्याच्या. त्यांनी हा विषय एका वाक्यात संपवला होता. “आमच्या वेळी धपाटा असायचा, आता डॉक्टर असतो. चला, प्रगती आहे.”

पण शाळेत एक रांगांचा प्रकार होता. शिक्षिका ‘फिंगर ऑन लिप्स’ म्हणाल्या की प्रत्येक रांगेने गप्प बसायचं, आणि जी रांग सगळ्यात जास्त वेळ हलली नाही तिला फळ्याशेजारच्या तक्त्यावर सोनेरी तारा. ती रांग मैदानावर आधी जायची, घरीही आधी सुटायची. एक जण जरी हललं तरी अख्खी रांग हरायची. माझ्या अकोल्याच्या शाळेत यालाच ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हणायचे. एका हाताची घडी पोटाशी, दुसऱ्याचं कोपर तिच्यावर, आणि बोट ओठांवर. माध्यम बदललं, बाकांचा रंग बदलला, बोट मात्र तिथेच राहिलं. माझ्या लेकीमुळे खिडकीकडची रांग रोज हरत होती, आणि वाढदिवसाची आमंत्रणं यायची बंद झाली होती.

मुख्याध्यापिकांनी नंतर आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. “पुढच्या वर्षी आम्हाला विचार करावा लागेल,” त्या अतिशय गोड आवाजात म्हणाल्या. कायद्याने शाळेला असं मुलीला काढता येत नाही, हे मला माहीत होतं. काढायची गरज तरी कुठे असते? मुलाला रोज थोडं थोडं नकोसं करता येतं. नवरा मान हलवत राहिला आणि मी पर्सचा बंद पिरगळत बसले.

मी इतकी का घाबरले, हे सांगायला हवं. माझी आजी शाळेच्या दाराबाहेर बसून शिकली. आत बसायची तिला परवानगी नव्हती. तिच्या लेकीला आत शेवटचा बाक मिळाला, मला पहिला मिळाला. आमच्या घरात बसायची जागा ही अशी एकेका पिढीने पुढे सरकवलेली आहे. वाघोलीत आम्ही घर घेतलं तेही या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि त्यापायी मी रोज कंपनीच्या बसने अख्खं पुणे ओलांडून हिंजवडीला जाते. आता त्याच बाकावर माझ्या लेकीला बसता येत नाही म्हणून तो जाणार होता.

डॉक्टर स्वारगेटजवळच्या. मुलांच्या मनाच्या डॉक्टर, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्या भेटीत गोळीचं नावही काढलं नाही. तिच्याशी खेळल्या, कोडी घातली, आमच्याशी बोलल्या, शाळेशी बोलल्या, पुन्हा बोलावलं, पुन्हा तपासलं. “नुसतं चळवळं मूल म्हणून औषध देत नाही मी,” त्या म्हणाल्या. “पण हिचं लक्ष खरंच निसटतं आणि त्याचा तिलाच त्रास होतोय. आधी शाळेला थोडं बदलायला सांगू.” पुढचा बाक, कामाचे छोटे तुकडे, मध्ये एकदा उठून मागे उभं राहायची मुभा. मागणी एवढीच होती. शाळेने उत्तर दिलं की एकीला सूट दिली तर सगळीच मागतील. मला वाटलं, मग द्या की सगळ्यांना. पण ते मी केबिनबाहेर, जिन्यात म्हटलं.

शेवटी गोळी सुरू झाली. अगदी कमी मात्रेची, सकाळी नाश्त्यानंतर.

पहिली गोळी रविवारी दिली, म्हणजे ती आमच्या डोळ्यांसमोर राहील. मी दिवसभर तिच्याभोवती घिरट्या घालत होते. दुपारी ती दिवाणावर पालथी पडून गोष्टीचं पुस्तक वाचत होती. पान उलटलं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. पुस्तक संपवून ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “आई, डोक्यातला टीव्ही कोणीतरी बारीक केला.” मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंद होताच, पण एवढी वर्षं हा टीव्ही तिच्या डोक्यात एवढ्या मोठ्याने चालू होता आणि मी तिला ‘ऐकू येत नाही का’ म्हणून ओरडत होते, याचं फार वाईट वाटलं.

त्यामुळे गोळीला मी सरसकट शिव्या घालणार नाही. तिने जे दिलं ते दिलं. डबा मात्र अर्धा परत यायला लागला, संध्याकाळी असर उतरला की ती कशावरूनही चिडायची, आणि मी सारखी तिच्यावर पाळत ठेवून असायचे. माझी नोकरीच दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायची. तीच सवय घरी आली. आज ती आंघोळ करताना गुणगुणली का? काल गुणगुणली होती का? डॉक्टरांनी बजावलं होतं, “गप्प गप्प वाटली तर लगेच फोन करा, म्हणजे मात्रा जास्त होतेय.” ती गप्प आहे की शहाणी झाली आहे, हे आईने कशावरून ओळखायचं? हे मात्र कोणीच सांगत नव्हतं.

शाळा खूश होती. खिडकीकडची रांग जिंकायला लागली. कोणाच्या तरी वाढदिवसाला बोलावणं आलं आणि लेक आरशासमोर तीन फ्रॉक बदलून गेली. मग एका दुपारी शिक्षिकेचा फोन आला. त्या आठवड्यात एकदा रांग पुन्हा हरली होती, लेकीच्या हलण्यामुळेच. “सकाळी छान असते हो. शेवटच्या तासांना थोडी चुळबुळ होते. डोस जरा वाढवता येतो का बघा ना.” त्यांच्या स्वरात वाईट काही नव्हतं. पोळीवर तूप कमी पडलं तर आपण सांगतो ना, तसं त्या सांगत होत्या. मी ‘विचारते’ म्हणाले, फोन ठेवला आणि अर्धा तास समोरच्या स्क्रीनवरचं एक अक्षर मला वाचता आलं नाही. डॉक्टरांनी अर्थातच नकार दिला. शाळेच्या वेळापत्रकावरून औषध ठरत नाही, म्हणाल्या. पण तेव्हापासून दुपारी फोन थरथरला की मी आधी शाळेचा आहे का ते बघायचे.

पुढच्याच आठवड्यात तो पुन्हा थरथरला. मी मीटिंगमध्ये होते. शिक्षिकेचा मेसेज टेबलाखाली धरून वाचला. ‘आज संपूर्ण दुपार अप्रतिम! एकदाही हलली नाही. आजचा स्टार तिचा.’

मी हवेत तरंगत उरलेला दिवस काढला. नवऱ्याला कळवलं, शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला दाखवलं, बसमधून उतरल्यावर आंबा बर्फी घेतली. गोळी लागू पडली, शाळा टिकली, बाक टिकला. रस्त्यावर नेहमीसारखी वाहनं एकमेकांत घुसून उभी होती आणि मला त्या सगळ्या ड्रायव्हरांचं भलं व्हावंसं वाटत होतं.

दार सासूबाईंनी उघडलं. “आल्यापासून बसलीये सोफ्यावर. शहाण्यासारखी,” त्या म्हणाल्या, पण त्यांनाही ते फारसं पटलेलं दिसत नव्हतं. लेक दप्तर न उतरवता बसली होती. युनिफॉर्मवर खिशाच्या वर सोनेरी तारा चिकटवलेला. चेहरा पांढरा. मी बर्फीचा खोका उघडून पुढे केला. तिने डावा हात काढला.

“उजवा हात पुढे कर. गोड डाव्या हाताने घेतात का?” सासूबाई सवयीने म्हणाल्या. आमच्या घरी यावर तडजोड नाही.

तिने उजवा हात पुढे केला नाही. तिने आधी आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी हळू विचारलं, “आता सांगू?”

तिचं मनगट सुजून गोल झालं होतं. डब्याच्या सुट्टीत पाण्याच्या नळाच्या कट्ट्यावरून ती हातावर पडली होती. घंटा झाली म्हणून वर्गात गेली. मग बसली. पूर्ण दुपार.

हॉस्पिटलमध्ये एक्सरे काढला. हाडाला तडा होता. “कधी पडली?” तरुण डॉक्टरने विचारलं. “डब्याच्या सुट्टीत,” मी म्हणाले. “दुपारच्या? मग एवढा वेळ काय करत होती?” त्याने माझ्याकडे पाहिलं, प्लास्टर घालणाऱ्या ब्रदरनेही पाहिलं. माझ्याकडे उत्तर म्हणून फक्त तो तारा होता. तो अजून तिच्या खिशावर चमकत होता, आणि मी तो उपटून काढला तेव्हा ती पहिल्यांदा रडली. “माझा आहे तो,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून तिला घेऊन स्वारगेटला गेले. गोळ्यांची पट्टी डॉक्टरांच्या टेबलावर आपटली. “आजपासून बंद. तुमच्या गोळीने पोरीचं रडणं मारून टाकलं. हाड मोडलं तरी तिला कळलं नाही.” माझा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत गेला असणार. डॉक्टरांनी खुर्ची लेकीकडे वळवली.

“खूप दुखत होतं?”

“खूप.”

“रडायला येत होतं?”

“येत होतं. मी आत ठेवलं.”

“का गं?”

“आमची रांग जिंकत होती,” लेक म्हणाली. “आधी माझ्यामुळे हरली होती ना. आणि मॅम म्हणाल्या, आता तू गोळी घेतेस, आता तुला जमायलाच पाहिजे.”

मग न सांगताच तिने बसून दाखवलं. एरवी ती उजव्या हाताचं बोट ओठांवर ठेवते. त्या दिवशी तो उचलवेना, म्हणून तिने हात बदलले होते. दुखरा हात खाली, घडी घालून पोटाशी. डाव्या हाताचं कोपर त्यावर टेकवलेलं. डाव्या हाताचं बोट ओठांवर. प्लास्टर घातलेल्या मनगटावर कोपर ठेवून ती आम्हाला दाखवत होती, ‘असं.’ मी तिचा तो हात उचलून बाजूला घेतला, कारण मला ते बघवत नव्हतं.

“ताई, गोळीने लक्ष लागायला मदत होते,” डॉक्टर म्हणाल्या. “दुखणं तिला पूर्ण कळत होतं. ते गिळायला तिला कोणीतरी बक्षीस देऊन शिकवलंय. आपण म्हणत असाल तर गोळी थांबवू, मी अडवणार नाही. पण गोळी थांबवून ती रांग थांबणार आहे का?”

मी पट्टी उचलून पर्समध्ये ठेवली. राग तेवढाच होता, फक्त त्याचा पत्ता चुकला होता. रिक्षा करून आम्ही थेट शाळेत गेलो.

मुख्याध्यापिकांच्या केबिनबाहेर भिंतभर पोस्टर आहे. हसरी मुलं गवतावर धावताहेत आणि वर लिहिलंय, ‘आनंददायी शिक्षण’. त्याच्याखाली एक मुलगा शिक्षा म्हणून भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी दार वाजवलं नाही.

“अरेरे,” प्लास्टर बघून मुख्याध्यापिका म्हणाल्या. “पण तिने सांगायला हवं होतं ना!”

“कसं सांगणार? तोंडावर बोट होतं,” मी म्हणाले. “तुम्हीच ठेवायला लावलेलं.”

त्यांनी शिक्षिकेला बोलावलं. ती माझ्यापेक्षा लहान असेल, हाताला खडू लागलेला, ओढणी एका बाजूला सरकलेली. लेकीचा हात बघून ती दारातच थांबली. मी मनात जुळवलेलं सगळं तिला सुनावलं. मूल दुखण्याने पांढरं पडतं आणि तुम्ही मला अप्रतिम म्हणून कळवता? वर्गात बघता काय तुम्ही, मुलं की तक्ता?

“तक्ता,” ती म्हणाली.

मुख्याध्यापिका चपापल्या. ती मात्र थांबली नाही. “पन्नास मुलं आहेत, ताई. पन्नास चेहरे एका वेळी नाही बघता येत. हलणारा तेवढा दिसतो, न हलणारा नाही दिसत. मुलांना उठू दिलं, बोलू दिलं, तर धडा राहतो. धडा राहिला की संध्याकाळी तुमच्या ग्रुपवर सुरू होतं, बाकीच्या तुकड्यांचा पोर्शन कुठे गेला आणि आपला कुठे आहे. आनंददायी शिक्षणाचं ट्रेनिंग झालंय माझं, ऑनलाइन. एकीकडे ते चालू होतं, एकीकडे मी पेपर तपासत होते. तुमच्या मुलीला गोळी आहे. उरलेल्यांना काय देऊ? मला काय देता?” आणि ती रडायला लागली, उभ्या उभ्या, ओढणी तोंडाला लावून, आवाज न करता. तिलाही तसंच शिकवलेलं असणार.

त्या ग्रुपवर मी होतेच. लेक खुर्चीवरून उतरली आणि तिने डाव्या हाताने टेबलावरचा पाण्याचा पेला मॅमच्या दिशेने सरकवला.

मी शांतपणे मागितलं ते तेच होतं, जे डॉक्टरांनी सुरुवातीला मागितलं होतं. पुढचा बाक, छोटी कामं, उभं राहायची मुभा. आणि चौथं माझं, ताऱ्यांचा तक्ता बंद. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “तपासून बघू.” पुण्यात याचा अर्थ ‘नाही’ असा होतो. पण दुसऱ्या दिवशी शिक्षिकेने तो तक्ता स्वतःच्या हाताने काढून कपाटामागे टाकला, असं लेकीने घरी येऊन सांगितलं. बाकीच्या वर्गांत तो अजून आहे. पालकसभेत मी हात वर करून तो विषय काढते. सगळे माझ्याकडे बघतात, मग घड्याळाकडे बघतात. एक बाई एकदा मला जिन्यात गाठून हळूच म्हणाल्या, “तुमच्या डॉक्टरांचा नंबर देता का? आमच्याला तसं काही नाहीये, पण स्कॉलरशिपची परीक्षा आहे ना.” मी त्यांना काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गोळी चालू आहे. हे वाचून कोणाची निराशा होईल, होऊ दे. तिला पुस्तक पूर्ण वाचता येतं, आणि तो तिचा हक्क आहे. पण मला भीती वाटते ती वर्गात पन्नास मुलं कोंबून, एका बाईच्या गळ्यात सगळा अभ्यासक्रम बांधून, मग जे मूल मावत नाही त्यालाच डॉक्टरकडे पाठवणाऱ्या पद्धतीची. त्या पद्धतीवर औषध शोधायला कोणी बसलेलं मला तरी दिसत नाही. मूल मात्र लहान असतं, त्याला वाकवणं सोपं पडतं.

महिन्याभराने प्लास्टर काढायला गेलो. ब्रदरने छोटं गोल यंत्र सुरू केलं, त्याचा कर्कश आवाज खोलीत भरला. यंत्र कातडीला लागत नाही, गुदगुल्या होतील फक्त, असं त्याने समजावलं. लेकीने मान हलवली आणि डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. मला कळायच्या आत ते आपोआप गेलं तिथे. बाकावर इतर पेशंट बसले होते, सगळे गप्प, ओळीने.

मी वाकून ते बोट खाली घेतलं. “दुखलं तर सांगायचं.”

“मोठ्याने?”

“मोठ्याने.”

तिने बाकावरच्या ओळीकडे एकदा पाहिलं. “यांची रांग हरणार नाही ना?”

“नाही हरत, बाळा.”

प्लास्टर दुभंगलं, ब्रदरने तिचा आखडलेला हात हलकेच सरळ केला, आणि ती ओरडली. “आई गं!” इतक्या जोरात की बाहेरचा शिपाई आत डोकावला. कोपऱ्यातली नर्स लगबगीने आली आणि बोट ओठांवर ठेवून म्हणाली, “श्श! शहाणी मुलगी ना तू?”

“सिस्टर, तुम्ही बोट खाली घ्या,” मी म्हणाले. “ओरडू दे तिला.”